जिगांच्या नोंदवहीतले ‘निरंक’

मासे धरायच्या गळाचे तापवलेले शिशाचे डोके रंगाच्या लाल भुकटीत बुडवून काढले की काही सेकंदांत भुकटी वितळते, पसरते आणि काचेसारखी चमकू लागते. पाहणाऱ्याला वाटते, रंगकाम झाले. त्या क्षणी तो रंग अंगावर नुसता बसलेला असतो, नखाने निघतो. भट्टीत ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ राहिल्यावरच त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, आणि मग दगडावर आपटूनही त्याचा टवका उडत नाही. चंद्रपूरच्या औद्योगिक वसाहतीत खिडक्यांच्या जाळ्या रंगवणारे कारागीर याला ‘माल पकणे’ म्हणतात. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आहे, पण याहून नेमका शब्द मला पाठ्यपुस्तकांत सापडला नाही. अडचण एवढीच की पकलेला आणि न पकलेला रंग दिसायला सारखाच असतो.

जिग म्हणजे गळाच्या दांडीभोवती ओतलेले शिशाचे डोके. त्याच्या वजनाने गळ डोहाच्या तळाशी जातो; तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, झटके दिले की तळावर उड्या मारत सरकतो, आणि मरळ त्याला लहान मासा समजून धरते. आमच्या घरी जिग बाबा करत. ते कोरपन्याच्या बाजूच्या एका सिमेंट कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्तीनंतर चामोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावी परतले आणि वैनगंगेच्या डोहांत गळ टाकण्याचा जुना नाद त्यांनी पुन्हा सुरू केला. शिसे ओतायचा ॲल्युमिनियमचा साचा त्यांनी स्वतः घासून तयार केला होता, आणि त्याचे दोन अर्धे एकमेकांवर असे बसत की मध्ये पतंगाचा कागदही सरकला नसता. रंगाच्या बाबतीत मात्र ते हतबल होते. दुकानातला ऑइलपेंट दोन दिवसांत निघून जाई, आणि ते निघालेल्या रंगाकडे असे पाहत की जणू कोणीतरी त्यांच्या कामात खोट काढली आहे.

माझी गरज वेगळी होती. मला एका संशोधन केंद्रात जागा हवी होती, जिथे धातूवरच्या लेपांचाच अभ्यास चालतो. आदल्या वर्षी तिथल्या निवड समितीने मला नाकारले होते. कारण सरळ सांगितले गेले: तुमचे सगळे काम पुस्तकातले आहे, स्वतःच्या हाताने मांडलेला आणि तडीस नेलेला एकही प्रयोग नाही. ते खरे होते, म्हणूनच अधिक लागले. त्यानंतर मी तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागले आणि दर शनिवारी घरी येऊ लागले. एका शनिवारी बाबांच्या हातातला टवके उडालेला जिग पाहिला आणि मला माझा प्रयोग दिसला. तुटपुंज्या साधनांत, घरगुती भट्टीत, पावडर रंग टिकाऊ पकवता येतो का? प्रश्न लहान होता, मोजता येण्याजोगा होता आणि माझा होता. पुढच्या निवडीला त्याच एका कामाच्या बळावर जायचे मी ठरवले.

गोठ्याच्या रिकाम्या अर्ध्या भागात मांडणी झाली. आईने तिचा ओटीजी, म्हणजे केक भाजायची छोटी विजेची भट्टी, दिला आणि तो पुन्हा स्वयंपाकघरात येणार नाही हेही सांगून टाकले. शिशाचे काम म्हटल्यावर ती अट मीच घालणार होते. जाळ्या रंगवणाऱ्या एका कारागिराने उरलेली लाल पावडर दिली. प्लास्टिकच्या डब्याच्या तळाला कापड ताणून त्याखालून माशांच्या टाकीचा हवापंप सोडला, तेव्हा भुकटी पाण्यासारखी हलकी होऊन उसळू लागली. बाबा ते पाहत बराच वेळ उभे होते. मग म्हणाले की कारखान्यात अशीच सिमेंटची भुकटी हवेवर वाहत जाई, आणि पट्टीने डब्याची खोली मोजायला बसले.

ते दिवस मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचे सगळे त्यांच्यामुळेच समजते. मी मोजमाप बाबांकडून शिकले. दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेत असताना त्यांनी मला व्हर्निअर वाचायला शिकवले होते, घरातल्या कुकरच्या झाकणावर. कारखान्यात एकदा यंत्राची एक पिन मापात बसत नव्हती. साहेबाचे म्हणणे, चालून जाईल, मापात आहे असे लिही. बाबांनी लिहिले नाही. पुढचे कित्येक महिने त्यांची पाळी कोणाला नको असलेल्या वेळी लागली. ही गोष्ट त्यांनी मला कधीच सांगितली नाही. आईने सांगितली, थोड्या रागाने. मी ती वेगळ्या भावनेने ऐकली. विज्ञानाकडे वळताना माझ्या डोक्यात शास्त्रज्ञ कोणीच नव्हते, ती पिन होती.

प्रयोगाची आखणी अशी होती. चोवीस जिग: बारा लहान, बारा मोठे, मोठ्यांचे शिसे दुप्पट. सगळ्यांना एकच रंग, एकच तापमान, एकच वेळ. प्रत्येकाच्या दांडीवर कानशीने केलेली खूण, म्हणजे नग ओळखता यावा. मग ते खऱ्या डोहात, खऱ्या दगडांवर वापरायचे आणि दर आठवड्याला टवके मोजायचे. मी आठवडाभर गावात नसे, त्यामुळे चाचणी दोघांच्या हाती होती. एक बाबा, जे नोंदवही लिहिणार होते. दुसरे भाऊ.

भाऊ म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे सोबती. पिढ्यान् पिढ्या नदीवर मासे धरणाऱ्या घरातले. सारे गाव त्यांना भाऊच म्हणते. जाळ्याच्या माणसाला काठी-गळाचा हा खेळ हास्यास्पद वाटणे साहजिक होते. लाल चमकणाऱ्या जिगांची ओळ पाहून त्यांनी मला विचारले होते, “मरळीले का लग्नाले जाचं हाये, बाई? एवढी नटवून कायले सोडून राह्यली?” पण दगडी डोह कोणता, तळ कुठे खरखरीत, पाणी कुठे कमी झाले, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नव्हते, आणि एकदा हो म्हटल्यावर त्यांनी तो प्रयोग नदीचे काम असल्यासारखाच मनावर घेतला. रोज सकाळी ते डोहावर जात आणि ठरलेल्या फेका पूर्ण करूनच परतत. मोजण्यासाठी खिशात बोराच्या बिया ठेवत. एक फेक झाली की एक बी या खिशातून त्या खिशात.

मी सांगताना एक गोष्ट गृहीत धरली. मी त्यांना म्हणाले की हे जिग मी तुम्हाला वापरायला देते आहे, आठवड्याने परत घेईन. ‘चाचणी’ हा शब्द मी बाबांशी बोलताना वापरत होते. भाऊंशी बोलताना तो जड वाटला, म्हणून सोपे करून सांगितले. त्या सोपेपणाचा अर्थ त्यांच्या जगात काय होतो, याचा विचार मी केला नाही.

बारा आठवडे दर शनिवारी मी नोंदवही उघडत होते. बाबांचे अक्षर वर्कशॉपमधल्या माणसाचे, चौकोनी आणि सरळ. डोहाचे ठिकाण, पाण्याची खोली, फेकांची संख्या, पकडलेले मासे. शेवटचा रकाना: रंगाची हानी. त्यात दर आठवड्याला एकच शब्द होता, निरंक. सरकारी कागदांवर ‘काही नाही’ म्हणायला वापरतात तो. पहिल्या महिन्यात मला आनंद झाला. दुसऱ्यात थोडे आश्चर्य वाटले. तिसऱ्यात मी आश्चर्य करणे थांबवले आणि कारणे शोधू लागले की माझी पद्धत इतकी चांगली कशी. यातली शेवटची पायरी माझी स्वतःची चूक होती; ती मी कोणाच्या माथी मारत नाही. जिग मी हातात घेऊन पाहतही होते. ते अखंड होते, चमकत होते. भिंगातून पाहिले असते तर दिसले असते. पण ज्या रकान्यात बाबांचे अक्षर होते, तो मला तपासावासा वाटला नाही.

अहवाल गेला. त्यात मी चाचणीची जबाबदारी ‘एका अनुभवी निवृत्त फिटर’कडे होती असे लिहिले, ते माझे वडील आहेत हे लिहिले नाही. घरगुती वाटेल अशी भीती होती. काही आठवड्यांनी मुलाखतीचे पत्र आले. समितीला काम आवडले होते. मुलाखत ऑनलाइन होणार होती आणि वापरलेले नमुने कॅमेऱ्यासमोर दाखवायचे होते. मुलाखतीला आठ दिवस राहिले असताना मी ठरवले की नुसते दाखवण्यापेक्षा एक साधी चाचणी करून तिची चित्रफीत सोबत ठेवावी. पूर्ण पकलेल्या पावडर रंगावर एसिटोनमध्ये भिजवलेला कापूस घासला तर कापूस जवळजवळ पांढरा राहतो. रंग अर्धवट पकला असेल तर तो विरघळतो. पुरावा दिसायला सुंदर होता.

मोबाइल खिडकीला टेकवला, एक मोठा जिग घेतला आणि कापूस घासला. तिसऱ्या फेरीतच तो लाल झाला.

पहिला विचार शास्त्रीय होता: रंग पकला नव्हता. मी घासत राहिले. मग लाल रंगाच्या एका ठिपक्याखालून शिसे वर आले. करडे, उघडे, कडा तुटलेल्या खळग्यात. आजूबाजूचा रंग थोडा मऊ झाला होता, पण जागेवर होता. निघाला होता तो फक्त खळग्यावरचा. मी भिंग आणले. उरलेल्या जिगांना एसिटोन लावले नाही, कारण आता ते पुरावा होते. भिंगाखाली कुंचल्याचे फटकारे दिसत होते. पावडर रंगाला कुंचला लागत नाही. वास घेतला आणि ओळखले. नेलपॉलिश.

मी कोणालाही हाक मारली नाही. जिग पिशवीत घातले आणि नदीकडे निघाले.

भाऊ काठावर जाळे वाळवत बसले होते. मी त्यांच्यासमोर तो घासलेला जिग धरला आणि हे काय आहे, ते विचारले. त्यांनी तो हातात घेतला, खळग्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे जरा दुखावल्यासारखे पाहिले. मी त्यांची दुरुस्ती उखडली होती.

“उसना नेलेला जिन्नस असा टवके उडून वापस देत असते का कोणी?” ते म्हणाले. “माणसाची इज्जत हाये का नाई?”

मग त्यांनी मला समजावून सांगितले, जे या काठावर कोणालाच समजावून सांगावे लागत नाही. मागून नेलेले जाळे फाटले तर विणून द्यायचे. नाव घेतली आणि फळी सैल झाली तर ठोकून, डांबर लावून द्यायची. मालकाला कळता कामा नये की काही झाले होते; नाहीतर पुढच्या वेळी तो देणार नाही, आणि नाही दिले तरी त्याची चूक नसेल. त्यांच्या आजोबांनी असेच केले होते, वडिलांनी असेच. मी जिग वापरायला दिले होते आणि परत मागितले होते. दुसऱ्या आठवड्यात पहिला टवका उडाला तेव्हा त्यांना रात्रभर बरे वाटले नव्हते.

मी त्यांच्यावर रागावू शकले नाही. प्रयोगात ज्याला चूक म्हणतात, ते त्यांच्याकडे वळण होते, आणि ते न विचारता गृहीत धरणारी मी होते. तरी एक प्रश्न राहिला होता. भाऊंनी आयुष्यात नेलपॉलिशची बाटली विकत घेतली असेल, हे मला पटत नव्हते.

“अन् हा रंग कुठून आणला, भाऊ?”

“थो तं तुया बाबानंच आणून देल्ला,” ते सहज म्हणाले. “चामोर्शीच्या बजारातून. एक तुकडा घेऊन गेला, अन् बाईमानसाच्या दुकानात उभा राहून मेळ लावत होता म्हने. दोन दुकानं फिरला. मले कुठी समजते नखाचा रंग?”

ते हसले. त्यांना ती गंमत वाटत होती: माझ्या आईसाठीही कधी टिकलीचे पाकीट न आणलेला माणूस, उडालेला टवका तळहातावर घेऊन, लाल रंगाच्या बाटल्यांतून नेमकी छटा शोधतो आहे. मीही ते चित्र स्पष्ट पाहिले. छटा अचूक जुळली होती. मापाच्या माणसाने जुळवली होती.

परतताना मी सगळे ओळीने लावले. भाऊंनी जे केले, ते चाचणी म्हणजे काय हे माहीत नसताना केले. बाबांना माहीत होते. मी रकाने आखले तेव्हा ते शेजारी बसले होते. शेवटचा रकाना रुंद ठेव, असे त्यांनीच सुचवले होते, कारण ‘टवके जास्त असले तर लिहाले जागा पाहिजे’. पहिला टवका घेऊन भाऊ त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी एवढेच म्हणायला हवे होते की भाऊ, राहू दे, पोरीला हेच पाहायचे आहे. त्याऐवजी ते बाजारात गेले. आणि मग अकरा आठवडे, दर शुक्रवारी, चौकोनी अक्षरात त्यांनी तो शब्द लिहिला.

ते गोठ्यात पुढच्या जिगांसाठी गळ लावत होते. घरी आम्ही घरचीच बोली बोलतो. इंग्रजीतले अहवाल लिहिणारी मी तिथे निराळी नसते. मी नोंदवही त्यांच्यासमोर ठेवली.

“बाबा, तुमी ‘निरंक’ काऊन लिहिलं?”

त्यांनी वही उघडली नाही. माझ्या हातातला जिग पाहिला आणि त्यांना कळले. हातातला गळ पुसून त्यांनी खाली ठेवला. मग त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. आदल्या वर्षी नकार घेऊन मी परत आले, तेव्हा मी कित्येक दिवस कोणाशी बोलले नव्हते. आई जेवायला बोलावी आणि मी ताटासमोर बसून उठून जाई. ते मला आठवतही नव्हते. त्यांना एकेक दिवस आठवत होता. पहिला टवका पाहून त्यांना वाटले, ही पुन्हा तशीच बसेल.

“मले थे दुसऱ्यांदा पाहाचं नव्हतं,” ते म्हणाले.

मी म्हणाले की टवके पाहण्यासाठीच तर हे सगळे मांडले होते. ते जिग टिकावेत म्हणून दिले नव्हते, ते कुठे हरतात ते कळावे म्हणून दिले होते. त्यांना हे माहीत नव्हते असे नाही. त्यांनी मान हलवली.

“दुसऱ्याच्या पोरायले वशिला असते. माह्यापाशी काय होतं, सांग.”

“रजिस्टर होतं,” मी म्हणाले.

मला अजून एक गोष्ट हवी होती, आणि तीच खरी महत्त्वाची होती. मी विचारले, कोणते उडाले? मोठे की लहान? सगळ्यात आधी कोणता? कुठल्या बाजूने?

“मले नाई माहीत,” ते म्हणाले. “भाऊ रंग लावून आणत होता, अन् मी लिहीत होतो. म्या पाह्यलंच नाई.”

हे वाक्य मला त्यांच्या बाकीच्या बोलण्यापेक्षा अधिक लागले. बाजारातून आणलेला बल्बसुद्धा उजेडात धरून तपासणाऱ्या या माणसाने अकरा आठवडे माझे काम पाहिलेच नव्हते. ज्या दिवशी त्यांनी बाटली घेतली, त्या दिवशी त्यांच्या लेखी प्रयोग संपला होता आणि त्याचा निकालही लागला होता: पोरगी नापास. पुढचे सगळे सांत्वन होते. माझी पद्धत चुकली असेल, पण तिचे कारण मी शोधून काढेन, ही शक्यता त्यांनी धरलीच नाही. ज्याच्यामुळे मी मोजायला शिकले, त्याने मला मोजले होते आणि कमी ठरवले होते. ते मला सांगितलेही नव्हते.

पुढचे तीन दिवस मी महाविद्यालयातून रजा घेतली. भिंगाखाली चोवीसही जिग पाहिले. इथे भाऊंचे वळण माझ्या मदतीला आले, कारण त्यांची दुरुस्ती प्रामाणिक होती: जिथे टवका, तिथेच कुंचला, एक फटकाराही जास्त नाही. नेलपॉलिशच हानीचा नकाशा होते. लहान जिगांपैकी एकावर, गळाच्या बुडाशी, जेमतेम ठिपका. मोठ्या बारापैकी अकरांवर लेप, काहींवर तीन-तीन ठिकाणी.

एवढे दिसल्यावर उत्तर फार लांब नव्हते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून तापमान मोजणारी तार उसनी आणली, एका मोठ्या जिगाच्या शिशात बारीक भोक पाडून ती आत बसवली आणि ओटीजी लावला. भट्टीतल्या तापमापकाचा काटा ठरलेल्या अंकावर पोहोचला, तेव्हा मोठ्या डोक्यातले शिसे त्याच्या बरेच मागे होते, आणि माझी ठरवलेली वेळ संपत आली तेव्हा कुठे ते अंकाला टेकले. मी हवेचे तापमान मोजत होते आणि धातू तापला असे समजत होते. लहान डोकी वेळेत तापत होती, मोठी तापत नव्हती, म्हणून मोठ्यांचा रंग अर्धवट पकत होता. चूक माझी होती, आणि नवशिक्याचीच होती. पण ती सापडण्यासारखी होती. दुसऱ्या आठवड्यातला तो पहिला टवका, मोठा की लहान एवढे जरी कोणी लिहिले असते, तरी मला ती महिनाभरात सापडली असती, आणि अहवालात मी एक खरी गोष्ट लिहिली असती.

समितीला मी पत्र लिहिले. चाचणीच्या नोंदी सदोष आहेत, खराब झालेले नमुने माझ्या नकळत दुरुस्त केले गेले, टिकाऊपणाचा निष्कर्ष मी मागे घेते. सोबत तारेच्या मोजमापाचा आलेख आणि भिंगातली छायाचित्रे जोडली. दुरुस्त कोणी केले, ते लिहिले नाही. पाठवण्याआधी आईने विचारले की आता तिथली आशा सोडायची का. मी म्हणाले, बहुधा. बाबा आत होते. त्यांनी ऐकले असावे. त्या तीन दिवसांत ते गोठ्यात आले नाहीत.

दोन दिवसांनी उत्तर आले की मुलाखत ठरल्याप्रमाणे होईल.

आमच्या घरात मोबाइलची रेंज फक्त पुढच्या खोलीत, दाराजवळ नीट मिळते. दाराबाहेर सपरी, म्हणजे पडवी, आहे, आणि सकाळी अकराला बाबा तिथे खाटेवर बसलेले असतात. त्यांना उठून जा असे सांगायला मला जमले नाही, आणि ते स्वतः उठले नाहीत. पडद्यावर तिघे होते. पहिला अर्धा तास शिसे, उष्णता आणि वेळ यांचा होता. त्यात मला अडचण आली नाही. मी चुकीपासून सुरुवात केली, आणि माझ्या लक्षात आले की त्यांना चूकच ऐकायची होती. मग शेवटी समितीतल्या बाईंनी चष्मा काढला आणि विचारले, “अहवालातले हे निवृत्त फिटर, ते कोण?”

“माझे वडील.”

“नमुने दुरुस्त होत होते, हे त्यांना माहीत होते?”

सपरीत खाटेचा आवाज झाला.

“हो,” मी म्हणाले. “रंग त्यांनीच आणून दिला होता.”

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली, जणू हे त्यांनी आणखी कुठे तरी पाहिले असावे. मग त्यांचा शेवटचा प्रश्न आला, शांत आणि रास्त: “यापुढे ते तुमच्या कामात असतील का?”

याचे उत्तर मी आधी ठरवले नव्हते. मला वाटते, त्या क्षणापर्यंत त्याचे खरे उत्तर अस्तित्वातच नव्हते. कोणता शब्द उच्चारला जाईल, त्यावर ते ठरणार होते. साचा त्यांचा होता, हात त्यांचे होते, नजर त्यांची होती. दार उघडे होते.

“नाही,” मी म्हणाले.

जागा मिळाल्याचे पत्र महिनाभराने आले, पण मला त्या सकाळचे उरलेली दोन मिनिटेच आठवतात. पडदा बंद करून मी दाराशी आले, तर खाट रिकामी होती. बाबा मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले होते. आईला सांगत होते, “जमलं वाटते पोरीचं. कशी फाडफाड बोलून राह्यली होती. साहेब लोक आयकतच राह्यले.” आवाज मोठा होता, उत्साही होता, थोडा हसराही होता. मी भिंतीआड उभी राहून तो ऐकत होते. बाबांना खरोखर आनंद झाला होता, की मला त्यांचा चेहरा दिसू नये म्हणून ते तसे बोलत होते, ते मला ओळखता येईना. पूर्वी ओळखता आले असते. पूर्वी हा प्रश्नच पडला नसता.

मी आत गेले, आणि त्यांनी हसून माझ्यासाठी पाट सरकवला.